देवीची घागर

लातूर नवा जिल्हा झाला, नवऱ्याची बदली तिथल्या कचेरीत झाली आणि आम्ही उदगीर सोडून भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. कचेरीला नवी पाटी लागली, साहेब लोक आले, जीपगाड्या आल्या. नळाला तेवढं पाणी आलं नाही. त्यात दुष्काळ. टँकर आला की गल्लीभर भांडणं, आणि आमच्या घरात सासूबाईंचा कायदा एकच: माणशी एक बादली, तीही सकाळी.

त्याच उन्हाळ्यात माझं अंग पेटायला लागलं. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, आणि बसल्या जागी छातीतून आग उठून टाळूपर्यंत जायची. चेहरा लालबुंद, ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि चिडचिड तर विचारूच नका. भाकरी थापताना आग उठली की परात उचलून भिंतीवर मारावीशी वाटे.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, संध्याकाळी अंगावर अर्धी बादली घेऊ द्या."

"आमचं काय वय झालं न्हाई व्हय? पदरानं वारं घे, बसतंय."

नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "उन्हाळा सगळ्यांनाच आहे." मेल्याच्या डोक्यावर कचेरीत दिवसभर पंखा फिरत होता.

एका मंगळवारी संध्याकाळी देवीच्या आरतीला गल्लीतल्या बाया आमच्याकडे जमल्या. खोलीत ऊद पेटवलेला, दार लोटलेलं. टाळ्या सुरू झाल्या आणि माझी आग उठली. जीव गुदमरला. मी अंबाडा सोडला, मान झटकून केस मोकळे केले आणि भिंतीला धरून धापा टाकू लागले. तोंडातून नुसतं "हूं, हूं" निघत होतं.

"आली! आई आली!" कुणीतरी ओरडलं.

बघता बघता माझ्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला गेला. सासूबाई, माझ्या सासूबाई, माझ्या पुढ्यात हात जोडून बसल्या. "आई, पाऊस कदी पडंल?" म्हणाल्या. मग उठून आतली भरलेली घागर घेऊन आल्या आणि माझ्या पायांवर ओतू लागल्या.

गार पाणी. खरं सांगते, मी डोळे मिटून घेतले, इतकं बरं वाटलं. गप्प राहिले असते तर रोज मिळालं असतं. बाया आपापल्या घरून तांबे आणायला उठल्याच होत्या. पण संतापानं माझं डोकं फुटायची वेळ आली. हीच घागर होती, पाय हेच होते, आणि मी मागितलं तेव्हा पदरानं वारं घे!

"देवी न्हाई, आत्या, मी हाय!" मी ओरडले. "पाळी जायलीय माझी. अंगाची लई आग व्हायलीय. मला पाणी पाहिजे, मला!"

टाळ्या थांबल्या. बाया एकमेकींकडे न बघता चपला शोधू लागल्या. सासूबाईंनी घागरीत डोकावून पाहिलं. निम्मी शिल्लक होती. त्यांनी ती सरळ केली, तोंडावर झाकण ठेवलं आणि आत नेली.

मळवट माझ्या कपाळावर तसाच राहिला. तो धुवायलाही मला सकाळच्या बादलीची वाट बघावी लागली.