सव्विसाव्या मजल्यावरचं पान

पनवेलच्या भरवस्तीत ती इमारत उभी आहे. खाली काचेची दारं, पोहायचा तलाव, लिफ्टमध्येसुद्धा गाणी. सव्विसाव्या मजल्यावर सदा कोळी राहतो, म्हणजे मुलानं ठेवलंय म्हणून राहतो. बाकी उभा जन्म मांडव्याजवळच्या कोळीवाड्यात गेला. होडी हाकली, जाळी विणली आणि बायकोची, नीराबाईची, बोलणी खाल्ली. तिनं बोलायचं, यानं ऐकायचं, हाच संसार.

एकदाच उलटं झालं. मुलगा दीपेश घर विकून इथं जागा घ्यायची म्हणाला, तेव्हा नीराबाईनं सांगितलं, "मी न्हाय यायची."

सदा खवळला. "पोराचं सुख बघवत न्हाय व्हय तुला?" आणि सही ठोकून मोकळा झाला.

बिचारी आली. पाच महिने गॅलरीत बसून राहिली, कुणाशी धड बोलली नाही आणि एका सकाळी समोरचा चहा निवत असताना गेली.

यंदा भाद्रपदात तिची पहिली अविधवा नवमी, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचं पान वाढायचा दिवस. सून हेमालीनं पहाटे उठून वडे, खीर, आमटी केली. सदानं वर सुक्या जवळ्याची चटणी वाढली. भटजी काय म्हणायचे ते म्हणोत, नीराबाईला ती आवडायची. कबुतरांसाठी लावलेली जाळी बाजूला सारून त्यानं पान कठड्यावर ठेवलं आणि "काव, काव" सुरू केलं.

दहा वाजले, अकरा वाजले. कावळ्याचा पत्ता नाही.

"बाबा, एवढ्या उंच नाही येत हो कावळे," हेमाली म्हणाली. "गाईला घालू या, चालतं."

"गाय तरी हाय का तुझ्या बिल्डिंगीत?"

पोर पुन्हा स्वयंपाकघरात वळली. तिचं काय चुकलं होतं म्हणा! पण सदाच्या काळजाला घरं पडत होती. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेलं माणूस रुसलेलं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्यानं हात जोडले. "नीरे, चुकलो गं मी. एक घास घे."

काही नाही. पान घेऊन तो खाली बागेत गेला, तर वॉचमन धावत आला. "काका, इथं खायचं टाकायचं नाही."

मग मात्र सदानं पान फडक्यात बांधलं आणि तडक एसटी धरली.

कोळीवाड्यात पोचेपर्यंत उन्हं कलली. त्याच्या घराच्या जागी आता कुणाचातरी बंगला, बाहेर उंच भिंत, फाटकाला कुलूप. भिंतीला लागून त्यानं पान ठेवलं आणि हात धुवायला वळला, तेवढ्यात कावळा. पहिली चोच चटणीवर. मागून आणखी चार आले आणि पान चाटूनपुसून साफ.

आनंद व्हायला हवा होता. सदा मात्र मटकन खाली बसला. ती गेल्यापासून रोज संध्याकाळी तो गॅलरीत बसून तिच्याशी बोलत आला होता.

"म्हंजे तू हितंच हाईस," तो म्हणाला. "आन् मी तिकडं येकटाच बोलतोय." आणि म्हातारा लहान पोरासारखा ढसाढसा रडला.

फोन वाजला. दीपेश होता. "बाबा, कुठे आहात? घरी या."

"येतो," सदा म्हणाला आणि डोळे पुसून उठला. भिंतीवर हात ठेवून जरा वेळ थांबला. नीराबाईला मात्र या वेळी त्यानं 'चल' म्हटलं नाही.