तांब्याची खीळ

वणीचे श्रीकृष्णकाका तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि पुरते चाकूंच्या नादी लागले. चाकू म्हणजे घडीचे, बोटाएवढे, खिशात मावणारे. दूरदूरचे शौकीन त्यांना फोटो पाठवत, आणि पात्याच्या मुळाशी ठोकलेला शिक्का, मूठ कशाची आहे ते, मूठ जोडणाऱ्या खिळींची घडण पाहून काका चाकूचं वय सांगत. "माणसांच्या पत्रिका पाहिल्या असत्या तर दारात रांग लागली असती," असं सुनीतीकाकू म्हणायच्या.

एका दुपारी एक तरणा माणूस आला. नाव अभिषेक, मारेगावकडचा. त्यानं रुमालातून चाकू काढून टेबलावर ठेवला.

"आजोबाचा आहे, काका. नागपूरचा एक जण घेतो म्हणते, पण तुम्ही वय सांगाल तवाच."

काकांनी भिंग लावलं. मुठीत बारीक छिद्रं होती, म्हणजे अस्सल हाड. प्लॅस्टिकला ती नसतात. शिक्क्यात कारखान्याच्या गावासोबत इंग्लंडचंही नाव होतं, आणि देशाचं नाव ठोकायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पडली. शंभरेक वर्षांचा असावा. त्यांनी मूठ उलटी केली आणि अंगठा जागीच थांबला. पितळेच्या दोन खिळींशेजारी तिसरी खीळ तांब्याची होती, डोकं जरा वाकडं ठोकलेलं.

ती काकांनीच ठोकली होती. वामनरावांसाठी, याच टेबलावर.

वामनराव त्यांचे शाळेपासूनचे मित्र. गेल्या पोळ्याच्या आधी शेतातून परतलेच नाहीत. मोटारसायकल नाल्याच्या पुलाजवळ सापडली, आणि पुरात वाहून गेले असं सगळ्यांनी धरलं.

"काय झालं, काका?" अभिषेकचा आवाज मऊ होता. तो चाकूकडे नाही, काकांच्या तोंडाकडे पाहत होता. "याच्या आधी पाह्यला काय कुठं?"

"नाही बा. असे लय येतात. शंभर वर्षं धर."

फोटोसाठी त्यांनी मोबाईल उचलला, तसा अभिषेकनं त्यावर हात ठेवला. "राहू द्या न." चाकू गुंडाळून तो उठला. दारात थांबून म्हणाला, "घरी तुम्ही दोघंच राह्यता काय?"

तो गेल्यावर काकांनी वामनरावांच्या बायकोला, शकुबाईंना फोन लावला.

"वहिनी, वामनचा चाकू घरी आहे काय?"

"नाही जी. त्या दिवशी त्याईच्या खिशातच होता. काहून?"

काकांनी अभिषेकचं नाव घेतलं. शकुबाई म्हणाल्या, "तोच तं आमचं वावर मांगत होता, दगड फोडून गिट्टी काढायच्या खदानीसाठी. हे देत नव्हते."

काकांनी फोन ठेवला. शेजारी उभं राहून सगळं ऐकलेल्या सुनीतीकाकूंनी चपला घातल्या, आणि दोघं पोलीस ठाण्यात गेले.

काकांच्या जबाबावरून पोलिसांनी अभिषेकच्या जुन्या खदानीतलं पाणी उपसल्यावर तळाशी हाडं निघाली. शकुबाईंनी पट्ट्यावरून नवऱ्याला ओळखलं. चाकू मात्र सापडला नाही, आणि अभिषेक जामिनावर सुटला. सरकारी वकील म्हणाले, "तो चाकू त्याच्या हातात पाहणारे तुम्ही एकटेच आहात, काका."

तेव्हापासून दुपारी फोन वाजतो. कुणी बोलत नाही. गिट्टी फोडण्याच्या मशीनची घरघर तेवढी ऐकू येते. पुण्याची मुलगी केतकी रोज विनवते, "बाबा, इकडे या न."

"साक्ष झाली की येतो," काका म्हणतात. सुनीतीकाकू तोवर खिडक्या लावून घेत असतात.