एकसष्ट खाचा

गोविंद मास्तर गेले हे मला आसनगाव स्टेशनावर कळलं. आमच्या वखारीतलं लाकूड मालडब्यात चढत होतं आणि मी ओंडके मोजत उभा होतो. रुळाच्या कडेनं लहानू येताना दिसला. हा लहानू मास्तरांचा जुना गोलकीपर. आता कसाऱ्याकडे रेल्वेच्या गँगमध्ये आहे. जवळ येऊन म्हणाला, "भाऊ, मास्तर गेलं. काल दुपारी जेवून ओटीवर टेकले, ते उठलेच नाय." मी चौदाव्या ओंडक्यावर होतो की पंधराव्या, ते मला आजही सांगता यायचं नाही. सगळा डबा उतरवून पुन्हा मोजायला लावला. हमाल कुरकुरले. बावीस वर्षांच्या नोकरीत माझी मोजणी चुकली ती तेवढी एकदाच.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. इतके दिवस मी लिहिलं नाही आणि लिहिणारही नव्हतो. पण दहाव्या दिवशी शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली, तिथं जे ऐकलं ते गिळून गप्प बसणं मला जमत नाही. शाळा कमिटीच्या अध्यक्षांनी सांगितलं की, "मास्तरांना पराभव कधी ठाऊक नव्हता." टाळ्या पडल्या. मग मास्तरांच्या नावानं चषक जाहीर झाला. वर्षभर एकही सामना न हरणाऱ्या संघाला तो मिळायचा आहे. व्यासपीठावर हार घालून एक खांब उभा केला होता. तो मास्तरांच्या गोलचा खांब. सुताराकडून त्याला रंधा मारून घेतला होता, वर चकचकीत रोगण दिलं होतं आणि पितळी पट्टी ठोकली होती. पट्टीवर एकच शब्द होता, 'अजिंक्य'... मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या कोटाच्या खिशात वही होती आणि त्या वहीत मास्तर एकोणीस सामने हरलेले होते.

मास्तर पलटणीत असताना हॉकी शिकले. चौतीस साली शहापूरच्या शाळेत ड्रिल शिकवायला लागले आणि त्यांनी पोरांच्या हातात काठ्या दिल्या. काठ्या म्हणजे रानातून निवडून आणलेल्या, टोकाशी वाकलेल्या फांद्या. मैदान म्हणजे भात कापल्यावरचं शेत. मी एकदा म्हटलं, मास्तर, धसकटं तरी काढून घ्या, चेंडू कुठल्या कुठं उडतो. तर म्हणाले, "उडू दे की. चेंडू फसवनारच. फसल्यावर पोरगा काय करतो, ते मला बघायचंय." गोलचे खांब मी वखारीतून दिले. ऐनाचा एक ओंडका उभा चिरून त्याचे दोन केले. माप मीच घेतलं होतं. तेव्हापासून मी त्यांच्या सामन्यांची नोंद ठेवू लागलो. मला खेळ फारसा कळत नव्हता. घड्याळ कळत होतं.

मास्तरांचा एक नियम होता. आपण केलेल्या गोलांची नोंद खांबावर नाही, खाल्लेल्या गोलांची. सामना कुठंही होवो, घरी परतल्यावर ज्याच्या हातून गोल गेला त्यानं कोयत्यानं एक खाच पाडायची. उजवीकडून गेला तर उजव्या खांबावर, डावीकडून गेला तर डाव्या. खाच पाडताना गोल का गेला हे सांगायचं नाही, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पुढचा चेंडू आला की काय करणार, एवढंच मोठ्यानं सांगायचं. सुरुवातीला पोरं रडत, मग हसायला लागली. "याची फणी झाली रे, आता केस विंचरा," असं एकमेकांना चिडवत. एकंदर एकसष्ट खाचा. डावीकडे बत्तीस, उजवीकडे एकोणतीस.

अडतीस साली मुरबाडचा सामना झाला. किन्हवलीच्या वाटेनं दोन बैलगाड्या करून गेलो होतो. तिथलं मैदान रूळ फिरवून खळ्यासारखं चोपलेलं. आमच्या पोरांनी असं मैदान पाहिलंच नव्हतं. लहानू तेव्हा पंधरा वर्षांचा, तानशाकडच्या डोंगरातल्या वाडीवरचा. चेंडू सरळ त्याच्या अंगावर आला आणि सवयीनं त्यानं काठी गुडघ्याएवढी उचलली, कारण धसकटावर चेंडू तिथवर उडतोच. हा चेंडू उडाला नाही. काठीखालून उजव्या खांबालगत निघून गेला. बाहेर हशा पिकला. कुणी ओरडलं की, रानात डुकरं राखायला बसव याला. आमच्याच गाडीतून आलेले कमिटीचे दोघेही हसले, हे मी विसरलेलो नाही. अर्ध्या वेळेला मास्तर गोलमागं लहानूजवळ जाऊन बसले. पाण्याचा तांब्या दिला. मी तिथंच उभा होतो म्हणून ऐकलं.

"रडून झालं?"

"मला नाय उभा राहवत, मास्तर. दुसऱ्याला उभा करा."

"पुढचा चेंडू तुझ्याकडंच येनार हाय. मागचा कुटं गेला, ते त्याला काय ठावं?"

दुसऱ्या अर्ध्यात लहानूनं सात चेंडू अडवले. एकदाही काठी जमिनीवरून उचलली नाही. आम्ही एका गोलानं हरलो. गावात आल्यावर उजव्या खांबावर खाच पाडून त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, "काठी जमिनीला टेकवून ठेवीन."

त्याच आठवड्यात कमिटी बसली. मला वही घेऊन बोलावलं. किती सामने? अडतीस. किती हरले? एकोणीस. मी खरं तेच सांगितलं आणि पुढं काही विचारलं नाही म्हणून बोललो नाही. मग मास्तरांना सांगण्यात आलं की, त्या रानातल्या पोराला काढा, तुम्ही राहा. मास्तर म्हणाले, "गोल खाल्ला म्हनून काढलात, तर उद्याची पोरं गोल अडवायच्या ऐवजी लपायला शिकतील. ते शिकवाया मी नाय." आणि उठले. दोन्ही खांब बैलगाडीवर घालून घरी नेले. पुढची दहा वर्षं दर रविवारी नदीपलीकडच्या शेतात ज्या कोणाची पोरं येतील त्यांना शिकवत राहिले. कमिटीतलं कुणी एकदाही तिकडं फिरकलं नाही. आज तेच लोक व्यासपीठावर बसून सांगतात की, मास्तरांना पराभव ठाऊक नव्हता. अहो, मास्तरांना जेवढा पराभव ठाऊक होता तेवढा तालुक्यात कुणाला नव्हता! हरल्यावर सोमवारी पुन्हा कसं उभं राहायचं, हाच तर त्यांचा विषय. आणि न हरणाऱ्यांनाच जर त्यांच्या नावाचा चषक मिळणार असेल, तर खुद्द मास्तरांना तो एकाही वर्षी मिळाला नसता.

सभेनंतर मी आणि लहानू मास्तरांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "आठवन म्हनून खांब मागितला, मी दिला. हाय तसा उभा करतील वाटलं." डावा खांब परड्यात वालाच्या मांडवाला लावलेला होता. शाळेत गेला तो उजवा. लहानूनं उरलेल्या खांबावरून वरून खाली हात फिरवला, मग म्हणाला, "माझी गेली." वहिनींकडून कोयता मागून घेतला. मी म्हटलं, लहानू, तुझा गोल उजवीकडून गेला होता, हा डावा आहे. तो म्हणाला, "भाऊ, लाकूड तर एकच ना?" तो ओंडका मीच मोजला होता. त्यानं खाच पाडली, तेच वाक्य म्हटलं आणि कोयता माझ्यापुढं केला.

कारण त्याला ठाऊक होतं. कमिटीपुढं जो आकडा मी सांगितला नाही, तो मी त्याला मागं एकदा सांगून बसलो होतो. पहिल्या वर्षी नऊ सामन्यांत आमच्यावर गोल झाला आणि त्यातल्या आठांत पाच मिनिटांच्या आत दुसराही झाला. पोरं एका गोलानं मोडून जात. चौथ्या वर्षीही नऊच सामन्यांत गोल झाला, पण पाच मिनिटांत दुसरा फक्त एकदा. मास्तरांनी चार वर्षांत काय केलं ते या दोन ओळींत आहे. या ओळी माझ्या वहीत होत्या, कमिटीच्या टेबलावर माझ्याच हातात होत्या, आणि मी विचारलं तेवढंच उत्तर देऊन घरी आलो. कमिटीवर रागावण्याचा मला हक्क आहे. पण आधी हे सांगायला हवं.

बावीस वर्षं लाकूड मोजलं, पण कोयता नीट धरता आला नाही. खाच तिरकी पडली. लहानू हसला आणि म्हणाला, "आता बोला, भाऊ. मोठ्यानं." वहिनी दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, "वहीतले सगळे आकडे छापायला देतो."

ते वर दिले आहेत. मांडवाच्या खांबावर आता चौतीस खाचा आहेत. कोणाला पडताळून पाहायच्या असतील तर वहिनींनी परवानगी दिली आहे. वालाचा वेल वर चढला आहे, तो जरा बाजूला करावा लागतो.