डावा कान

माझ्या लेकीच्या उजव्या कानात चांदीची बाळी होती आणि डावा कान परवापरवापर्यंत मोकळा होता. शाळेतल्या पोरी तिला 'हाफ तिकीट' म्हणायच्या. त्यात माझ्या नोकरीचाही उद्धार होता, कारण मी एसटीत कंडक्टर आहे आणि कारंज्यातल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी मी तिकीट दिलेलं आहे. लेक मात्र चिडायची नाही. 'दोन कानांचे डूल घ्यायला पैसे जास्त लागतात,' असं काहीतरी ठोकून द्यायची. उत्तर तयार ठेवायची सवय तिला माझ्याकडून लागली असावी.

ती माझ्याकडे आली तेव्हा तीनेक वर्षांची होती. मी लग्न केलेलं नाही. राहून गेलं, जमलं नाही, असलं काही नाही; केलं नाही, इतकंच. मूल मात्र मला हवं होतं, आणि ते हवंय हे कळल्यावर मी कुणाला विचारत बसले नाही. दत्तक संस्थेतल्या ताईंनी तिला माझ्या कडेवर दिलं तेव्हा तिचे दोन्ही कान टोचलेले होते. उजव्या कानात काळा दोरा ओवलेला होता, डाव्यातला गळून पडला होता. "आमच्याकडे आली ती अशीच आली," ताई म्हणाल्या. त्यापलीकडे त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

नव्या घरात पहिले काही महिने ती घाबरली की डावा कान मुठीत धरून बसायची. कुकरची शिट्टी झाली की कान, दारावर कुणी थाप मारली की कान. त्याला हात लावू द्यायची नाही. उजव्या कानात मी दोरा काढून बाळी घातली, पण डाव्यात कडुलिंबाची काडी घालायला गेले की ती असं काही रडायची की मी काडी खाली ठेवून द्यायचे. होता होता ते छिद्र बुजलं. पाळीच्या जरा खालच्या अंगाला एक बारीक खळगा तेवढा राहिला.

शेजारच्या काकू, ज्यांच्या भरवशावर मी ड्युटीला जाते, त्या दर दोन महिन्यांनी म्हणायच्या, "ब्युटी पार्लरमदी ने तिले. बंदुकीनं टोचते, समजतही नाही." मी हो हो म्हणायचे आणि न्यायचे नाही. आमच्या घरात लेकराचे कान मामाच्या मांडीवर टोचतात. माझे, माझ्या भावाचे, त्याच्या मुलांचे, सगळ्यांचे तसेच टोचलेले. आणि माझ्या लेकीला मामा होता. त्याला सोडून दुसऱ्या कुणाच्या मांडीवर मी तिला बसवणार नव्हते, आणि त्याला 'मांडी दे' म्हणून विनवायलाही जाणार नव्हते. अशा दोन हट्टांमध्ये पोरीचा कान अडकून पडला होता.

माझं माहेर कामरगावजवळ आहे. लग्न न केलेल्या बाईला माहेर असतं का, असं मला एकदा गाडीतल्या एका बाईने विचारलं होतं. असतं. तिथे मोठा भाऊ आहे, वहिनी आहे, विहिरीवरचा मळा आहे. दादा वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असलं पिकवतो आणि पहाटे बाजारात नेतो. मूल आणायचं ठरवलं तेव्हा मी त्याला मळ्यातच जाऊन सांगितलं होतं. तो मेथीच्या जुड्या बांधत होता. हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या मोठी झाली अन् इचारलं का मी कोनाची, त काय सांगशीन? हाय का जवाब तुयाजवळ?"

"पाहून घेईन," मी म्हणाले.

"मंग पाह्य."

भांडण असं झालंच नाही. तो माझ्या घरी यायचा मात्र बंद झाला. आम्ही दिवाळीला गेलो की वहिनी पोरीला मांडीवरून उतरू द्यायची नाही, आणि दादाला नेमकं त्याच वेळी वाफ्याला पाणी सोडायचं आठवायचं. दिवस मावळेस्तोवर त्याचं पाणी सुटलेलं असायचं. मला त्याचा राग यायचा, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं. तो वाईट माणूस असता तर मी केव्हाच सोडून दिलं असतं.

माझी गाडी कामरगावच्या स्टॉपवर थांबली की तो बरेचदा उभा असायचा. खिडकीतून भाजीची पिशवी वर द्यायचा, "तुयासाठी," म्हणायचा आणि वळायचा. पोरगी कशी आहे, शाळेत जाते का, हे चुकूनही नाही. इतकी वर्षं मी त्या पिशव्या घेतल्या. घरी येऊन रिकामी केली की तळाशी काहीतरी निघायचंच. कधी बोरं, कधी भुईमुगाच्या ओल्या शेंगा, थंडीत हरभऱ्याचे टहाळे. बोरांनी माझा घसा धरतो आणि टहाळे सोलत बसायचा मला कंटाळा, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. लेक ते पायरीवर बसून संपवायची. वहिनीची माया, असं मी धरून चालले होते.

यंदा शाळेच्या गॅदरिंगला लेकीला नाचात घेतलं. डूल पाहिजेत म्हणाले. चिमट्याचे आणले तर डावा कान लालभडक झाला. त्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीच्या तान्ह्या भावाचे कान टोचले, मामाच्या मांडीवर बसवून, आणि नंतर सगळ्या आळीला जिलबी वाटली. ती जिलबी खाऊन लेक घरी आली. मी भाकरी थापत होते. तिने दप्तर टाकलं आणि विचारलं, "आई, पह्यले टोचले तवा मी कोनाच्या मांडीवर होती?"

तव्यावरची भाकरी मी उलटायची विसरले. ती दत्तक आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. पोटातून नाही आली, गाडीतून आली, असं ती स्वतःच सांगते. पण हा प्रश्न मी कधी कल्पनेतही ऐकला नव्हता. "मले नाही मालूम, बेटा," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतंच. तिने मान हलवली आणि जळकी भाकरी खाल्ली. मला मेथीच्या जुड्या बांधणारे दादाचे हात आठवले. तो म्हणाला होता ते अखेर झालंच.

दुसऱ्या दिवशी मी वेणी घालत होते तेव्हा माझा फोन घेऊन लेक अंगणात गेली. मला वाटलं काकूंच्या नातवाशी काहीतरी चाललंय. तिचा आवाज मात्र शाळेत बाईंशी बोलतात तसा होता. "मामा, मी बोलून राह्यली. माहा एक कान टोचाचा हाय. तुमची मांडी पायजे." मी अर्धी वेणी हातात धरून बाहेर धावले. तिने मला गप्प राहायची खूण केली. "मोठी झाली मी, पन बसतो जमलं तर. रविवारी. सराफ्यात. हाव." आणि फोन माझ्या हातात दिला.

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. आयकून राह्यले होते."

मी तिला रागावणार होते, पण कशाबद्दल रागावायचं ते सुचेना. सरळ मागितलं होतं तिने. मी इतकी वर्षं जे मागू शकले नव्हते ते तिने दोन वाक्यांत मागून टाकलं. भीती मला दुसरीच वाटत होती. तो आला नाही तर? आजवर त्याने माझ्याकडे पाठ फिरवली होती, ते मी सोसलं. पोरीने स्वतः हाक मारल्यावर फिरवली असती तर ते तिला कळणार होतं, आणि मग दिवाळीचं वाफ्याचं पाणीही कळलं असतं.

मी वहिनीला फोन केला. म्हटलं, पोरीचं मनावर घेऊ नका, दादाला सांगा, अडचण असेल तर राहू द्या. वहिनी म्हणाली, "मी काय सांगू? फोन आला तवापासून बोललेच नाही थे." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी टहाळे-बोरांचं मले नेहमी थँक्यू म्हनता ना, थे मी नाही टाकत बाई. तुमचे दादाच टाकते. मी एकडाव इचारलं, त म्हने लेकरू हाय घरात."

फोन ठेवून मी ओट्यावरच्या दादाच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. लेकरू हाय घरात. मग हे मला सांगायला त्याला काय झालं होतं?

रविवारी दुपारची ड्युटी होती, म्हणून खाकी घालूनच गेले. सोनार म्हातारा, अजून तारेने टोचणारा. त्याने लेकीचा कान उजेडाकडे करून पाहिला. "जुनी जागा घट्ट झाली हाय. थोडं वरतं टोचतो, दुखनार नाही, दिसालेही सारखं दिसन."

"जुन्याच जागी टोचा," लेक म्हणाली.

"दुखन."

"दुखू द्या."

मला ती जागा हवी होती, हे तिला मी कधीच सांगितलेलं नव्हतं. तिच्या आधीच्या आयुष्यातलं एवढंच काय ते आमच्या घरात आलं होतं.

आम्ही बाकावर बसलो. सोनाराने दोन गिऱ्हाइकं केली. लेक दर वेळी दाराकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते. "हर्रास लांबला असन," ती स्वतःच म्हणाली. भाजीच्या लिलावाला आमच्याकडे हर्रास म्हणतात, आणि रविवारी तो सकाळीच उरकतो हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "हो, लांबला असेल."

शेवटी सोनार म्हणाला, "बाई, तुमीच घ्या ना मांडीवर. आईची मांडी काय वाईट हाय?" मी उठले. तेवढ्यात दादा पायरी चढून आला. बाजारात तो कधी घालत नाही तो पांढरा सदरा घातला होता, घडीच्या रेघा तशाच. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. बाकावर बसला, चप्पल काढली, दोन्ही मांड्या जुळवल्या आणि म्हणाला, "ये."

नऊ-दहा वर्षांची पोरगी, उंच अंगाची. बसली तर तिचं डोकं त्याच्या डोक्याच्या वर आणि पाय जमिनीला. सोनाराला हसू आवरेना. दादा ताठ बसला होता, हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं. सोनाराने तार पुढे केली तशी लेकीने डावा कान मुठीत धरला. कितीतरी वर्षांनी.

"मामा," ती म्हणाली, "पह्यले टोचले तवा मी कोनाच्या मांडीवर होती?"

मी दादाकडे पाहिलं. असाच प्रश्न त्याने मला मळ्यात घातला होता आणि आज तोच त्याच्या मांडीवर येऊन बसला होता. त्याने घसा साफ केला.

"कोनाच्या तरी मांडीवर होतीच ना वं तू," तो म्हणाला. "जमिनीवर ठिवून कोनी लेकराचे कान टोचत नाही. लेकरू हलते. कोनीतरी धरलं असनच तुले. घट्ट."

"घट्ट?"

"असं." आणि त्याने दोन्ही हातांनी तिला कवेत धरलं. तिची मूठ सुटली. सोनाराला तेवढंच हवं होतं. ती ओरडली तेव्हा तार कानात जाऊन वळलीही होती. दादाने खिशातून गुळाचा खडा काढला, त्याला चिकटलेला दोरा नखाने काढला आणि तिच्या तोंडात घातला.

मी रडले. भर दुकानात, खाकीत, रुमाल नव्हता म्हणून बाहीला डोळे पुसत. दादाने तेही पाहिलं नाही. "ऊठ आता, मांडीले मुंग्या आल्या," लेकीला म्हणाला, चप्पल घातली आणि जिलबी आणतो सांगून गेला. जिलबी आणली, हातात दिली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाला. माझ्याशी तो एक शब्द बोलला नव्हता.

त्या आठवड्यात गाडी कामरगावला थांबली तेव्हा दादा स्टॉपवर होता. पिशवी वर दिली. "तुयासाठी" म्हणाला नाही. खिडकीचा गज धरून उभाच राहिला. माणसं चढली, उतरली, ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, घंटीची दोरी माझ्या हातात तशीच.

"काय राह्यलं, दादा?"

"भाचीचा कान पिकला त नाही?"

सगळ्या गाडीने ऐकलं. "नाही," मी म्हणाले. "खोबऱ्याचं तेल लावते रोज."

"हळद लाव तेलात. अन् रविवारी घेऊन ये तिले." त्याने गज सोडला आणि एक पाऊल मागे सरकला. "वाफ्याले पानी मी शनवारीच देऊन ठिवतो."