एका पिस्तुलाचे तीन धनी

पाचवी गोळी सुटली. जमादारानं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं खिशातून बोटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढला.

"त्या स्क्रूला हात लावलात तर बोटं मोडीन," मागून मावशी म्हणाली.

मावशी म्हणजे शूटिंग रेंजवरची बंदुकांची मिस्त्री. आधी वीस वर्षं तिनं शिलाई मशिनं दुरुस्त केली. ते दुकान बंद पडलं तेव्हा रेंजच्या मालकानं विचारलं, बंदुकीच्या स्प्रिंगा बसवता येतील का? ती म्हणाली, "ज्याला स्क्रू आहे ते सगळं माझंच." तेव्हापासून रेंजच्या टोकाची खिडकी नसलेली खोली तिची. खोलीत लोखंड घट्ट पकडायचा एक शिकंजा, दोन ब्रश, तेलाची कुपी आणि बसली की करकरणारी खुर्ची. खुर्चीला ती कधी तेल घालत नाही. कोण बसलं ते न बघता कळतं म्हणे.

जमादार हे काही त्याचं पद नव्हतं. मिशा आणि चाल बघून लोकांनीच पाडलेलं नाव. एका एजन्सीच्या कॅश व्हॅनवर तो बंदूकधारी गार्ड होता. वय एक्कावन्न. शनिवारी एजन्सीची परीक्षा होती. दहा गोळ्या, त्यातल्या सात तरी काळ्या गोलात पाहिजेत. नापास झाला की व्हॅनवरून खाली, गेटवर काठी घेऊन उभं राहायचं, पगार निम्मा. आज मंगळवार होता आणि त्याच्या पाच गोळ्यांतली एकसुद्धा काळ्यात नव्हती. सगळ्या डावीकडे, खाली.

"पिस्तूल वाकडं आहे मावशी. देवाशपथ."

"नाचता येईना, अंगण वाकडं. द्या इकडे."

मावशी हातानं नेम धरायच्या भानगडीत पडली नाही. तिची पद्धत ठरलेली. कुणी कितीही रडो, आधी माणूस बाजूला काढायचा. तिनं टेबलावर वाळूची पिशवी ठेवली, पिस्तूल त्यात घट्ट बसवलं आणि सावकाश पाच गोळ्या मारल्या. मग दोघं चालत कागदापाशी गेले. पाचही भोकं एका रुपयाखाली झाकतील इतकी जवळ. पण गोलाच्या डाव्या कडेला.

"बघा. गोळ्या एकत्र राहतात म्हणजे नळी बरी आहे. बिचारं इमानदार आहे तुमचं पिस्तूल. जिथं बघायला सांगितलंय तिथंच मारतंय. फक्त त्याला चुकीचं बघायला शिकवलंय कुणीतरी."

ती खोलीत आली आणि भिंग लावून मागच्या खाचेचा स्क्रू बघितला. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक खाच असते आणि पुढच्या टोकाला उभा दांडा, त्याला सगळे माशी म्हणतात. खाचेच्या बरोबर मधे माशी धरायची, की नेम जुळला. खाच स्क्रूनं डावी-उजवी सरकते. या स्क्रूचं डोकं कुरतडलेल्या पेरूसारखं झालं होतं.

"हे वापरतं कोण कोण?"

"आम्ही तिघं. पाळी बदलते तसं. मी, डावऱ्या आणि चष्मा."

"आणि तिघांकडे स्क्रूड्रायव्हर?"

जमादारानं मिशीला हात लावला आणि हळूच म्हणाला, "माझी गोळी डावीकडे जाते म्हणून मी खाच जरा उजवीकडे घेतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर पुन्हा डावीकडे आलेली."

"कारण डावऱ्याची गोळी उजवीकडे जाते, म्हणून तो डावीकडे घेतो! आणि चष्मा?"

"तो दोन्हीकडे घेतो."

मावशी इतकी हसली की खुर्ची करकरली. सहा महिने ही तीन मोठी माणसं एकमेकांना न सांगता एकाच स्क्रूशी रस्सीखेच खेळत होती. प्रत्येकाला वाटत होतं की पिस्तूलच रोज बिघडतंय.

तिनं खाच मधोमध आणली, वाळूच्या पिशवीवर पुन्हा पाच गोळ्या मारून खात्री केली. मग ड्रॉवरमधून मुलीची लाल नेलपॉलिश काढून स्क्रूवर एक थेंब टाकला. "आता हा फिरला तर रंग तडकेल. आणि रंग तडकला तर मी."

जमादारानं पुन्हा पाच मारल्या. दोन काळ्यात, तीन खाली डावीकडे. त्याचा चेहरा पडला. इतके दिवस दोष लोखंडाला होता, आता तो स्वतःच्या हातात येऊन बसला होता.

"पाठ फिरवा," मावशी म्हणाली आणि तिनं मॅगझिन भरलं. त्यात मधेच कुठंतरी एक खोटी गोळी घातली, दारू नसलेली. "मारा."

पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्याला नुसतं टक् झालं, आवाज नाही, धक्का नाही. तरी पिस्तुलाचं तोंड चाऱ्याकडे मान घालणाऱ्या बकरीसारखं खाली गेलं.

"कुणी ढकललं हो त्याला?" मावशीनं विचारलं.

जमादार स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिला. "मीच."

"धक्का येणार म्हणून तुम्ही आधीच घाबरता आणि ट्रिगर हिसडता. चौदा वर्षं गार्ड आहात, कुणी सांगितलं नाही?"

"विचारायची लाज वाटायची. मिशा बघता ना."

मग तिनं पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, नळीवर एक रिकामं काडतूस उभं ठेवलं. ट्रिगर इतक्या हळू दाबायचा की काडतूस पडता कामा नये. नजर फक्त माशीवर. समोरचा गोल धुरकट दिसला तरी दिसू दे, तो काही पळून जात नाही. सुटेल तेव्हा सुटेल, आपण वाट बघायची नाही. पहिल्या वीस वेळा काडतूस खाली. रेंज बंद व्हायच्या वेळेपर्यंत पाचातून तीनदा टिकायला लागलं.

"उद्या आणि परवा रोज दोन तास या. होईल," मावशी म्हणाली. ती असं सहज म्हणत नाही.

बुधवारी सकाळी तो आला, पण मागून दोघं. एक सडपातळ, डाव्या हातात डबा धरलेला. दुसऱ्याच्या चष्म्याची काच बशीएवढी.

"ही फौज कशाला?" मावशी भडकली. "तुमचे दोन तास आहेत जमादार. तिघांत वाटले तर प्रत्येकाला चाळीस मिनिटं. शनिवारी गेटवर उभं राहायचंय का?"

"पिस्तूल तिघांचं आहे, मग दुखणं पण तिघांचं. शिकवा ना मावशी."

"तुमचं डोकं तपासायला स्क्रूड्रायव्हर आणते."

पण शिकवलं. डावऱ्याची खोड जमादारासारखीच, फक्त आरशातली. चष्मा माशीऐवजी समोरच्या कागदाकडे टक लावून बघायचा, म्हणून त्याच्या गोळ्या पाहुण्यांसारख्या चहूकडे पांगायच्या. माशी नीट दिसेल असा जुना चष्मा त्याला घरून आणायला लावला. जमादार स्वतःची पाळी सोडून त्यांच्या नळीवर काडतूस उभं करत बसायचा. मावशी दात-ओठ खायची. त्याच्या कामात जीव ओतायचा आणि त्यानं तो असा उधळायचा.

शनिवारी ती परीक्षेला गेली नाही. खोलीत बसून एकच स्प्रिंग तीनदा पुसली. अकराच्या सुमाराला दार ढकलून तिघं एकदम आत.

"माझ्या आठ!" डावऱ्या ओरडला. "चष्म्याच्या नऊ!"

"आणि तुम्ही?"

जमादारानं कागद टेबलावर पसरला. सहा गोळ्या आत. सातवी काळ्याच्या काठावर, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"रेषेला लागली की आत धरतात," तो म्हणाला. "साहेबानं भिंग लावून बघितलं. सात."

"जरा स्वतःच्या हातावर मेहनत घेतली असती तर नऊ मारल्या असत्या, शहाणे."

"सातात पण पासच असतो मावशी."

तिनं रागारागानं त्याला चहा दिला. तिघंही व्हॅनवर राहिले.

नंतर चार महिन्यांनी एजन्सीचा मॅनेजर दुसरं पिस्तूल दुरुस्तीला घेऊन आला, तेव्हा बोलता बोलता कळलं. त्या आठवड्यात एजन्सीला व्हॅनवर तिघांतले दोनच ठेवायचे होते. परीक्षेत जो नापास होईल तो गेटवर जाणार होता. नापास कुणी झालंच नाही, म्हणून मालकाला तिघंही ठेवावे लागले. ही गोष्ट मॅनेजरनं तिघांपैकी फक्त वयानं मोठ्या असलेल्या जमादाराला सांगितली होती, मंगळवारी संध्याकाळी, रेंजवरून परतल्यावर.