कोपऱ्यातला पाळणा

पेणच्या पोस्टात शिक्क्याच्या शाईचा वास आला की वहिनी आठवते. तिचे दिवस भरत आले होते. कासू गावातल्या आमच्या घरी ओटीवर बसून तिनं जुन्या चपलेच्या रबरात पाळण्याचा शिक्का कोरला आणि आम्ही दोघींनी बारशाची कार्डं छापली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक निळा पाळणा.

"आधी करू नये गो," आई म्हणाली. वहिनी नुसती हसली.

चौथ्या दिवशी बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. कळवायला घरात दुसरी कार्डं नव्हती. दादानं त्यांच्याच मागे लिहिलं. अशुभ पत्राचा कोपरा फाडायचा असतो.

"तू फाड, माझ्यानं व्हत नाय," तो म्हणाला. मी एकेक पाळणा फाडला.

रक्त थांबलं नाही म्हणून ती गेली, हे आता कळतं. तरी माझ्या सुनेला नववा लागलाय आणि घरात एक दुपटंही शिवलेलं नाही.