कानस मारलेले जॉब

फिटरबाईंना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कारखान्यातल्या नोकरीला हो की नाही ते कळवायचं होतं. फिटरबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. तंत्रशिक्षण झाल्यावर बरोबरीचे सगळे कारखान्यांत घुसले. बाई मात्र हौसेनं शिकवायला आल्या, त्याही स्वतः शिकल्या त्याच संस्थेत.

"शिकवणंच बरं," थोरला भाऊ सकाळी म्हणाला. "कपडे तरी स्वच्छ राहतात."

"कपडेच राहतात, दादा."

वर्षभर त्यांच्या वाट्याला फक्त फळा होता. वर्कशॉपची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात. आज प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणून दार उघडलं. लोखंड कातायच्या लेथ मशीनवर प्लॅस्टिकचं कापड, खाली उंदरांनी कुरतडलेला मशीनचा पट्टा. आणि टेबलावर पोरांनी "लेथवर केलेले" चकचकीत जॉब, म्हणजे परीक्षेचे लोखंडी तुकडे, प्रत्येकावर ठोकलेला परीक्षा नंबर.

बाईंनी मोजायला व्हर्नियर लावला. माप कमी. दुसऱ्याचं कमी, तिसऱ्याचंही. नंबराची जागा सगळ्यांची चपटी. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दरवर्षी तेच जॉब, जुना नंबर कानशीनं घासायचा, नवा ठोकायचा. लोखंड झिजत चाललेलं, निकाल मात्र गलेलठ्ठ.

एका जॉबपाशी त्यांचा हात थांबला. खाच उलट्या टोकाला. ही चूक त्यांचीच होती. स्वतःच्या परीक्षेत तिच्यापायी त्यांनी बोलणी खाल्ली होती.

"हा तू केलास?"

"हो, बाई."

"खाच इकडे का?"

पोरगं जॉब फिरवून बघायला लागलं. "आधीपासूनच होती, बाई."

बाईंना पोराचा राग येईना. त्याला मशीनला हात कुणी लावू दिला होता?

विभागप्रमुख बशीत चहा ओतत म्हणाले, "मार्क द्या आणि सुटा."

"उद्या हीच पोरं चालू मशीनपुढे उभी राहतील, सर. बोटं जातील कुणाची तरी."

"ते कारखान्यानं बघावं."

"मग तिकडेच जाऊन बघते."

बाईंनी कोऱ्या मार्कलिस्टवर व्हर्नियर ठेवला आणि बाहेर पडल्या. सरांनी चहा संपायच्या आत सगळ्यांना पहिल्या वर्गात पास करून टाकलं. थू असल्या निकालावर.

फाटकाबाहेरूनच बाईंनी कारखान्याच्या फोरमनला फोन लावला. होकार देण्याआधी एवढंच विचारलं, "नव्या पोरांना तुम्ही मशीन चालू करू देता ना?"

फोरमन जरा गोंधळला. "म्हणजे काय, बाई? बंद मशीनवर शिकवतं का कुणी?"